पुढच्या ब्रेकचा दिवा

दुचाकीवरून रुग्णाच्या घरी जाणारा डॉक्टर ही आमच्या बेळगावात आता दुर्मीळ होत चाललेली जमात आहे. मी त्या जमातीतला एक. घरी मोटारगाडी आहे. परंतु शहापूर आणि खडेबाजारच्या गल्ल्यांतून ती नेण्यापेक्षा मोटारसायकल काढावी, हे इतक्या वर्षांच्या अनुभवाने पटलेले आहे. बॅग पाठीवर, रेनकोट अंगावर, अशी आमची स्वारी पावसाळ्यातही चालू असते.

तीन वर्षांपूर्वीच्या जुलै महिन्यातील गोष्ट. संध्याकाळची वेळ, बारीक पाऊस, काँग्रेस रोडवर नेहमीची वर्दळ. पुढे एक हातगाडी आडवी आली म्हणून मी हाताचा ब्रेक हळूच दाबला. गाडी व्यवस्थित थांबली. परंतु मागून येणारा एक महाविद्यालयीन विद्यार्थी थांबू शकला नाही. त्याची गाडी माझ्या गाडीवर आदळली आणि तो उजव्या तळहातावर पडला. मला खरचटलेसुद्धा नाही. त्याच्या मनगटाचा आकार पाहताच क्ष-किरण चित्रात काय दिसणार, हे मला रस्त्यावरच कळले. रेडिअसच्या खालच्या टोकाचा अस्थिभंग, म्हणजे सहा आठवडे प्लास्टर; आणि परीक्षा पुढच्याच महिन्यात.

वेदनेतही तो मुलगा एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "काका, तुमचा दिवा लागलाच नाही." मी त्याला जरा करड्या आवाजातच सांगितले की, दिवा मी सकाळीच तपासला आहे. आणि ते खोटे नव्हते.

रात्री गाडी आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे नेली. हकीकत सांगून मी पायाचा ब्रेक दाबून दाखवला. मागचा दिवा लख्ख पेटला. मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी हाताचा ब्रेक दाबला. मागे अंधार. मग ते शांतपणे म्हणाले, "डाक्टर, सकाळी तुम्ही पायानं बघितला असणार. हाताचा कधी बघितला होता?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. ज्या ब्रेकने मी थांबलो, त्या ब्रेकचा दिवा मी कधीच तपासला नव्हता. त्या दिवसापासून हा विषय मी जिज्ञासेने शिकलो. आपल्यापैकी अनेकजण, आपली मुले, आपल्या दवाखान्यांतील परिचारिका व कंपाउंडर रोज दुचाकी चालवतात. त्यांच्यासाठी हा लेख.

दोन ब्रेक, एक दिवा

गाडी थांबवताना तिचा भार पुढच्या चाकावर येतो. त्यामुळे पुढचे चाक रस्त्याला अधिक घट्ट धरते आणि मागचे चाक हलके होते. म्हणूनच कोरड्या रस्त्यावर थांबवण्याचे मोठे काम पुढचा ब्रेक करतो. मागचा ब्रेक साहाय्यक होय. जो चालक योग्य पद्धतीने ब्रेक वापरतो, तो हाताचा ब्रेक अधिक वापरतो; आणि नेमक्या त्याच चालकाचा दिवा पुढच्या स्विचवर अवलंबून असतो.

मागून येणाऱ्याच्या दृष्टीने या दिव्याची किंमत काय, हे साध्या गणिताने कळते. ताशी 40 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे 11 मीटर अंतर तोडते; ताशी 60 किलोमीटर वेगाने जवळजवळ 17 मीटर. दिवा दिसला नाही, तर पुढची गाडी जवळ येत आहे एवढ्याच खुणेवरून मागच्याला अंदाज बांधावा लागतो. तो अंदाज एका सेकंदाने उशिरा आला, तर हे सारे अंतर वाया गेलेले असते. पावसात आणि अंधारात ही खूण आणखी उशिरा पटते.

आता विद्युतमंडळ पाहू. बॅटरीतून निघालेला प्रवाह फ्यूजमधून किल्लीच्या स्विचकडे जातो. तेथून एक तार पुढच्या ब्रेकच्या स्विचकडे व एक तार मागच्या ब्रेकच्या स्विचकडे जाते. दोन्ही स्विचमधून बाहेर पडणाऱ्या तारा पुढे एकत्र येतात आणि मागच्या बल्बच्या मोठ्या फिलामेंटला मिळतात. फिलामेंटचे दुसरे टोक सांगाड्याला, म्हणजे अर्थला जोडलेले असते. दोन स्विच एकमेकांना समांतर असल्यामुळे दोहोंपैकी कोणताही एक जुळला तरी दिवा लागतो. होंडा पद्धतीच्या गाड्यांत किल्लीनंतरची तार काळी असते आणि दिव्याकडे जाणारी तार हिरवी व तिच्यावर पिवळी रेघ, अशी असते. इतर कंपन्यांचे रंग निराळे असतात.

या समांतर रचनेतच निदानाची किल्ली आहे. पायाच्या ब्रेकने दिवा लागतो, परंतु हाताच्या ब्रेकने लागत नाही, असे असेल तर बल्ब, फ्यूज, किल्लीचा स्विच आणि अर्थ ही चारही स्थाने निर्दोष ठरतात. दोष पुढचा स्विच, त्याच्या दोन तारा किंवा त्याला दाबणारी लिव्हर यांतच असला पाहिजे. एका क्षणात शोधाचे क्षेत्र हँडलच्या वीतभर जागेपुरते उरते. उलट, दोन्ही ब्रेकांनी दिवा लागत नसेल तर हँडलकडे न वळता प्रथम बल्ब व फ्यूज पाहावेत.

स्विचची रचना

आपल्याकडील दुचाकींवर मुख्यतः तीन प्रकारचे स्विच आढळतात. पुढे ड्रम ब्रेक व केबल असलेल्या गाड्यांत लिव्हरच्या धारकात एक लहान नळकांडे बसवलेले असते. त्यातून स्प्रिंगवर आत-बाहेर होणारी एक दांडी डोकावते. पुढे डिस्क ब्रेक असलेल्या गाड्यांत मास्टर सिलिंडरच्या खालच्या अंगाला काळ्या प्लास्टिकची चपटी डबी एका बारीक स्क्रूने बसवलेली असते. हा सूक्ष्म स्विच होय. तिसरा प्रकार तेलाच्या दाबावर चालणारा. तो ब्रेकच्या तेलाच्या नळीच्या जोडावर असतो. त्यात दाब वाढला की आतील पडदा ढकलला जाऊन संपर्क होतो. हा प्रकार आपल्याकडे क्वचितच दिसतो, आणि त्याची जुळवणी करता येत नाही.

पहिल्या दोन प्रकारांत एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. आपण ब्रेक दाबतो तेव्हा स्विच दाबला जातो, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु बहुतेक गाड्यांत प्रत्यक्ष क्रिया याच्या उलट असते. लिव्हर मोकळी असताना तिचा टेकू स्विचची दांडी दाबून धरतो आणि त्या स्थितीत संपर्क तुटलेला राहतो. आपण लिव्हर ओढली की टेकू दूर होतो, स्प्रिंगने दांडी बाहेर येते आणि संपर्क जुळतो. हे ध्यानात आले की लक्षणांचा अर्थ आपोआप उलगडतो. दांडी चिखलाने आतच अडकून बसली, तर दिवा कधीच लागणार नाही. लिव्हर पूर्ण परत आली नाही, तर दिवा सतत पेटलेला राहील.

तपासणी

पहिली तपासणी कोणत्याही साधनाशिवाय होते. गाडी भिंतीकडे पाठ करून उभी करावी, किल्ली चालू करावी. प्रथम केवळ हाताचा ब्रेक, मग तो सोडून केवळ पायाचा ब्रेक दाबावा. प्रत्येक वेळी भिंतीवर तांबडा उजेड वाढला पाहिजे. दोन्ही एकदम दाबू नयेत. तसे केल्यास एक स्विच दुसऱ्याचा दोष झाकतो. माझ्या सकाळच्या तपासणीत चुकले ते हेच.

दिवा केव्हा लागतो, हेही पाहावे. लिव्हर ओढताना सुरुवातीच्या मोकळ्या हालचालीतच, ब्रेक पकडण्यापूर्वी, दिवा लागला पाहिजे. लिव्हर अर्धी ओढल्यावर दिवा लागत असेल, तर हलक्या ब्रेकला तो लागणारच नाही. आणि गर्दीत आपण बहुधा हलकाच ब्रेक लावतो.

यानंतर लिव्हर किंचित ओढून धरून हँडल डावीकडे व उजवीकडे पूर्ण वळवावे. वळवताना दिवा लुकलुकला, तर दोष बहुधा स्विचमध्ये नसून तारेत आहे. हँडलच्या मानेपाशी तारा हजारो वेळा वाकतात. बाहेरचे आवरण शाबूत राहते आणि आतील तांब्याचे धागे एकेक करून तुटतात.

दुसरी तपासणी स्विच वगळून करावयाची. स्विचच्या दोन तारांची टोके बाहेर काढावीत आणि तारेच्या लहान तुकड्याने ती एकमेकांना जोडावीत. किल्ली चालू असताना दिवा लागला, तर तारा ठीक आहेत व स्विच सदोष आहे. दिवा लागला नाही, तर स्विच बदलून उपयोग नाही. तारेतील खंड शोधावा लागेल. येथे एक सावधगिरी अवश्य बाळगावी. त्या दोन टोकांपैकी एकात बॅटरीचा प्रवाह असतो. ते टोक हँडलच्या धातूला टेकले तर फ्यूज उडतो. म्हणून किल्ली बंद ठेवूनच टोके जोडावीत व मगच किल्ली फिरवावी.

तिसरी तपासणी मल्टिमीटरने. स्विच सुटा करून त्याच्या दोन टोकांना मीटर लावावा. लिव्हर मोकळी असताना संपर्क नसावा, ओढल्यावर रोध शून्याच्या जवळ यावा. परंतु एवढ्याने निश्चिंत होऊ नये. मीटर अत्यंत क्षीण प्रवाह सोडून रोध मोजतो. प्रत्यक्षात मात्र 12 व्होल्ट, 21 वॅटच्या फिलामेंटसाठी त्या संपर्कातून सुमारे पावणेदोन अँपिअर प्रवाह जावा लागतो. विश्रांत अवस्थेतील ईसीजी सामान्य असूनही ताण चाचणीत दोष उघड व्हावा, तसाच हा प्रकार. म्हणून मीटर व्होल्टवर ठेवून, स्विच जोडलेला व लिव्हर ओढलेली असताना, त्याच्या दोन टोकांमधील व्होल्टेज मोजावे. ते शून्याच्या अगदी जवळ असावे. एखादा व्होल्ट किंवा त्याहून अधिक दिसला, तर संपर्क खराब आहे.

याचे गणित मनोरंजक आहे. 21 वॅटच्या तापलेल्या फिलामेंटचा रोध सुमारे 7 ओहम असतो. स्विचच्या गंजलेल्या संपर्कात केवळ 2 ओहम रोध उत्पन्न झाला, तरी 12 व्होल्टपैकी जवळजवळ पावणेतीन व्होल्ट स्विचमध्येच खर्च होतात. दिवा मंद होतो, आणि साडेतीन वॅटच्या आसपास उष्णता त्या इवल्याशा प्लास्टिकच्या डबीत साठते. डबी वितळते, आतील पट्टी सैल होते, रोध आणखी वाढतो. रोग स्वतःलाच वाढवतो, असे आपण म्हणतो ना, तसे.

जुळवणी

स्विच निर्दोष आहे, पण दिवा उशिरा लागतो किंवा सतत पेटून राहतो, अशा वेळी जुळवणीचा विचार करावा. तथापि जुळवणी म्हटले की लगेच स्विचला हात घालू नये. आधी लिव्हर पाहावी.

लिव्हर ज्या बोल्टवर फिरते, तो बोल्ट कोरडा पडला असेल किंवा त्यात आपल्याकडची तांबडी माती साठली असेल, तर लिव्हर पूर्ण परत येत नाही. बोल्ट काढून, पुसून, किंचित ग्रीस लावून बसवावा. बोल्टचे भोक झिजले असेल, तर लिव्हर खाली लोंबते आणि तिचा टेकू स्विचच्या दांडीवर नीट बसत नाही. तेथे उपाय बोल्ट किंवा लिव्हर बदलणे हाच. स्विच वाकवणे नव्हे. पडझडीनंतर बाजारातून आणलेली नवी लिव्हर दिसायला सारखी असली, तरी तिचा टेकू अर्धा मिलिमीटर आखूड असू शकतो. एवढ्या फरकानेही दिवा सतत पेटून राहतो.

केबलच्या ब्रेकमध्ये लिव्हरच्या टोकाशी मोकळी हालचाल साधारणतः 10 ते 20 मिलिमीटर ठेवण्याची पद्धत आहे. आपल्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तिकेत पाहावा. केबल फार ताणली, तर लिव्हर तिच्या अटकावापर्यंत परत येऊ शकत नाही, दांडी मोकळी राहते आणि दिवा विझत नाही. अशा वेळी केबलचा नट फिरवून ढिलाई आणली की दोन्ही दोष एकदम जातात.

हे सर्व ठीक असूनही वेळ जमत नसेल, तर स्विचकडे वळावे. काही गाड्यांत स्विचच्या स्क्रूचे भोक लांबट असते. स्क्रू अर्धा फेरा ढिला करून डबी किंचित सरकवता येते. दिवा उशिरा लागत असेल, तर डबी टेकूपासून दूर न्यावी. सतत पेटत असेल, तर टेकूकडे न्यावी. एका वेळी केसभरच सरकवावी, स्क्रू आवळावा, पुन्हा पाहावे. पुष्कळ गाड्यांत मात्र पुढचा स्विच जुळवणीचा नसतोच. तो एका ठरावीक जागी बसतो आणि बिघडला की बदलायचा असतो. मागच्या स्विचला फिरवण्याजोगा नट असतो म्हणून पुढच्यालाही असेल, अशी समजूत करून घेऊ नये. लिव्हरचा टेकू कानशीने घासणे हा तर अघोरी उपचार. घासलेले परत येत नाही.

सफाई व दुरुस्ती

बेळगावच्या पावसाळ्यात बिघडलेल्या स्विचपैकी काही केवळ सफाईने बरे होतात. किल्ली बंद करावी. खाली स्वच्छ कापड पसरावे, कारण तो स्क्रू हाताबाहेर गेला की सापडत नाही. स्क्रू काढताना पेचकस नेमक्या मापाचा घ्यावा; त्याची खाच बुजली, तर दहा मिनिटांचे काम दोन तासांचे होते. नळकांड्याच्या प्रकारात स्विचला एक लहान खिटी असते. ती धारकाच्या भोकातून बारीक पेचकसाने दाबली की स्विच बाहेर सरकतो. जोराने ओढल्यास खिटी मोडते.

बाहेर आलेली दांडी बोटाने आत-बाहेर करून पाहावी. ती अडखळत असेल, तर विद्युत संपर्क साफ करण्याचा जो फवारा मिळतो, तो मारून दांडी वीसपंचवीस वेळा दाबावी व स्विच पूर्ण वाळू द्यावा. घट्ट ग्रीस किंवा इंजिन ऑइल आत घालू नये; ते धूळ धरून ठेवते आणि संपर्कावर थर आणते. तारांच्या पितळी टोकांवर हिरवट थर असेल, तर तो बारीक पॉलिश पेपरने काढावा. टोके सैल बसत असतील, तर पकडीने अगदी हलकी दाबावीत.

डिस्क ब्रेकच्या गाडीत स्विच काढताच एक गोष्ट आवर्जून पाहावी. लिव्हर जेथे मास्टर सिलिंडरचा पिस्टन ढकलते, तेथे रबरी टोपी असते. त्या टोपीपाशी ओल दिसली, किंवा स्विचवर चिकट द्रव आढळला, तर ते पावसाचे पाणी नसून ब्रेकचे तेल असू शकते. तसे असेल, तर बिघाड स्विचचा नाही. पिस्टनचे रबर गळत आहे. स्विच हे येथे केवळ लक्षण, आजार ब्रेकचा. अशी गाडी चालवत न नेता मिस्त्रींना बोलवावे. हे तेल रंग खाते, म्हणून टाकीवर सांडल्यास लगेच भरपूर पाण्याने धुवावे.

तसेच दिवा सतत पेटून राहणे ही केवळ बॅटरीची नासाडी समजू नये. डिस्क ब्रेकमध्ये लिव्हर पूर्ण परत येत नसेल, तर मास्टर सिलिंडरमधील तेल परत जाण्याचे सूक्ष्म छिद्र बंद राहते. ब्रेक तापतो, तेल फुगते, आणि चाक हळूहळू आवळले जाते. दिव्याने दिलेली ही पूर्वसूचना दुर्लक्षू नये. चाक वर उचलून हाताने फिरवून पाहिले की खात्री होते.

तारेत खंड सापडल्यास तुटका भाग कापून तेवढ्याच जाडीची नवी तार जोडावी, जोडाला डाख द्यावा व त्यावर तापवून आकसणारी नळी चढवावी. मात्र हा जोड हँडलच्या मानेपाशी, जेथे तार वाकते, तेथे येऊ देऊ नये. डाख दिलेली जागा ताठ होते आणि तिच्या कडेलाच तार पुन्हा तुटते. जोड सरळ भागात घ्यावा आणि हँडल दोन्हीकडे वळेल इतकी ढिलाई ठेवावी.

सूक्ष्म स्विचची डबी बहुधा मोहोरबंद असते. ती उघडून आतील पट्टी घासण्याच्या भानगडीत पडू नये. सफाईने काम झाले नाही, तर आपल्या गाडीच्या नेमक्या प्रतिकृतीचा नवा स्विच आणावा. त्याची किंमत फारशी नसते. माझ्या गाडीत हेच करावे लागले. जुन्या डबीत गेल्या पावसाळ्याचे पाणी व मातीचा गाळ होता.

थोडे मागच्या दिव्याविषयी

बल्बला दोन फिलामेंट असतात: रात्रभर जळणारे 5 वॅटचे आणि ब्रेकचे 21 वॅटचे. बल्बच्या दोन खुंट्या मुद्दामच वेगवेगळ्या उंचीवर असतात, म्हणजे तो उलटा बसू नये. होल्डर झिजलेला असताना जोर करून तो उलटा बसवला, तर रात्रभर दिवा प्रखर जळतो आणि ब्रेक लावल्यावर फरक कळत नाही. ब्रेक लावताच मागचा साधा दिवा किंवा इंडिकेटर मंदावत असेल, तर अर्थची जोडणी तपासावी. एलईडी दिव्यांना प्रवाह कमी लागतो आणि ते तारेच्या बल्बपेक्षा सुमारे पाचव्या भागाने सेकंद लवकर पूर्ण उजळतात. ताशी 60 किलोमीटरला तेवढ्यात तीन मीटरहून अधिक अंतर जाते. पण स्विच मेलेला असेल, तर एलईडीही अंधारातच.

बहुतेक गिअरलेस स्कूटरांत ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही. ही सोय ब्रेकच्या स्विचमार्फतच असते. एका हाताचा ब्रेक दाबून सेल्फ लागतो आणि दुसऱ्याने लागत नाही, असे आढळले तर दुसऱ्या स्विचचा संशय घ्यावा. अनेकजण अशा वेळी बॅटरी बदलून मोकळे होतात.

1 एप्रिल 2019 पासून आपल्या देशात 125 सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना संयुक्त ब्रेक किंवा एबीएस, आणि त्याहून मोठ्या दुचाकींना एबीएस असणे आवश्यक झाले आहे. म्हणून स्विचचे महत्त्व कमी झाले, असे मात्र नाही. गाडी लवकर व सरळ थांबू लागली, तर मागच्याला तितक्याच लवकर कळायला हवे.

काय करू नये

दिवा लागत नाही म्हणून स्विचच्या दोन तारा कायमच्या जोडून टाकू नयेत. सतत जळणारा ब्रेकचा दिवा मागच्याला काहीच सांगत नाही. दिवा विझत नाही म्हणून तार तोडूनही ठेवू नये. पायाचा चालतो ना, या समाधानावर तर मुळीच राहू नये. धुलाई केंद्रात उच्च दाबाच्या पाण्याचा फवारा लिव्हरखाली थेट मारू देऊ नये. आणि केवळ गिअर खाली टाकून वेग कमी करताना दिवा लागत नाही, हे विसरू नये. त्या वेळी लिव्हर हलकेच ओढून मागच्याला खूण द्यावी.

दुरुस्तीनंतरची अंतिम तपासणी अशी: लिव्हर हळू ओढून, जोराने ओढून, हँडल दोन्हीकडे वळवून, इंजिन चालू ठेवून, आणि पहिल्या पावसानंतर पुन्हा एकदा. शेवटी रस्त्यावर नेण्यापूर्वी ब्रेक स्वतः पकडतो आहे ना, हे संथ वेगात पाहावे. ज्याला ब्रेकच्या कामाचा सराव नाही, त्याने तपासणी स्वतः करावी आणि मास्टर सिलिंडर उघडण्याचे काम मिस्त्रींवर सोपवावे.

त्या रात्री मिस्त्रींकडून परतल्यावर मी त्या मुलाच्या घरी गेलो. त्याचे वडील दारात उभे होते. मी त्यांना सांगितले, "मुलाचं म्हणणं बरोबर होतं. दिवा लागला नव्हता. चूक माझ्या गाडीची होती." ते क्षणभर पाहत राहिले आणि म्हणाले, "डॉक्टर, या ना आत." मुलाने त्या परीक्षेत लेखनिक घेतला, उत्तीर्णही झाला. मनगट चांगले जुळले. पण थंडीत अजून दुखते, असे तो भेटल्यावर सांगतो.

मी आता रोज सकाळी गाडी अंगणातील पांढऱ्या भिंतीकडे पाठ करून उभी करतो. आधी हात, मग पाय. भिंत दोनदा लाल झाली की निघतो. या कामाला दहा सेकंद लागतात. वाचकमित्रांनी हा अंक बाजूला ठेवल्यावर आपल्या घरच्या दुचाकीपाशी जाऊन एकदा एवढे करावे, ही विनंती.